जुन्या लुगड्याचं झबलं

सभासदांच्या घरी पाळणा हलणार असला की नव्या कापडामागं धावू नये. नऊवार लुगडं म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं बाळाला टोचत नाही, घाम टिपतं. मात्र शेतात औषध फवारताना वापरलेलं कापड कदापि घेऊ नका. धुतलं तरी अंश राहू शकतो.

24 इंच लांब, 12 इंच रुंद तुकडा पाण्यात उकळून उन्हात वाळवा. मधोमध दुमडा, 12 बाय 12 ची घडी होते. घडीच्या मध्यावर 4 इंच गळा कापा, पाठीवर 5 इंच चीर द्या. हातांसाठी घडीपासून 4 इंच सोडून दोन्ही बाजू शिवा. शिवण बाहेर ठेवावी, म्हणजे काचत नाही. गळ्यात नाडी ओवू नका. पाठीवर दोन आखूड बंद पुरेत. सुटे दोरे कापा. बोटाला गुंडाळले तर रक्त अडतं.

उरलेल्या कापडाची पातळ वाकळ बाळाच्या अंगाखाली घाला. वर्षाचं होईपर्यंत उशी नको, पांघरूण तोंडावर येता कामा नये. शिवण संपली की सुया मोजून डबीत ठेवा. पुरुषमंडळींनीही याकडं लक्ष द्यावं.