बारा पेले, चार गडी

भांड्यांची उतरंड तुम्ही पाहिली असेल. खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. ती बेताने रचतात आणि बेतानेच उतरवतात. या पाठात आम्ही अशा एका खेळाची माहिती देत आहोत, की त्यात उतरंड घाईने रचायची, घाईनेच उतरवायची, आणि तीही घड्याळ लावून. ऐकून तुम्हाला हसू येईल. आम्हालाही आले होते.

हा खेळ अमेरिकेतला. तेथे कॅलिफोर्निया राज्यात ओशनसाइड नावाचे शहर आहे. त्या शहरात मुलामुलींचा एक क्लब होता. वेन गोडिनेट नावाच्या गृहस्थांनी १९८१ साली तेथील मुलांना कागदी पेले रचायचा नाद लावला. कागदी पेले ते किती टिकणार? पुढे प्लॅस्टिकचे आले. १९९० साली जॉनी कार्सन यांच्या टीव्हीवरील गाजलेल्या कार्यक्रमात हा खेळ लोकांनी पाहिला. मग कोलोरॅडो राज्यातील बॉब फॉक्स नावाच्या व्यायामशिक्षकांनी तो शाळांतून पसरवला. २००१ साली त्याची जागतिक संघटना झाली. इंग्रजीत या खेळाला ‘स्पोर्ट स्टॅकिंग’ म्हणतात. आपण पेल्यांची उतरंड म्हणू.

आता पेले मोजू या. एकूण पेले १२. ते टेबलावर पालथे ठेवतात, एकावर एक चढवून. डावीकडे ३, मध्ये ६, उजवीकडे ३. तीन अधिक सहा अधिक तीन, झाले बारा. म्हणून या प्रकाराला ‘३-६-३’ असे नाव आहे. तीन पेल्यांची उतरंड म्हणजे खाली दोन, वर एक. सहाची म्हणजे खाली तीन, त्यावर दोन, शेंड्याला एक. अशा तीन उतरंडी ओळीने उभ्या करायच्या. तिसरी झाली की पुन्हा पहिलीकडे यायचे आणि ज्या क्रमाने रचल्या, त्याच क्रमाने उतरवायच्या. शेवटी पेले पहिल्यासारखे तीन, सहा, तीन असे बसले पाहिजेत.

सहाची उतरंड रचण्याची एक युक्ती आहे. सहांतले तीन पेले उजव्या हातात घ्यायचे, दोन डाव्या हातात. एक टेबलावर राहिला. त्याच्या एका बाजूला उजव्या हातातला खालचा पेला सोडायचा, दुसऱ्या बाजूला डाव्या हातातला. खालची रांग झाली. मग पुन्हा उजवा एक, डावा एक. दुसरी रांग झाली. उजव्या हातात एक उरला, तो शेंड्याला. दोन्ही हातांना सारखे काम. नुसत्या उजव्या हातावर भिस्त ठेवणारा येथे मागे पडतो.

पट्टीचे खेळाडू हे सगळे, म्हणजे रचणे आणि उतरवणे, दोन सेकंदांच्या आत करतात. ‘एक पेला, दोन पेले’ असे तुम्ही तोंडाने म्हणाल, तेवढ्यात त्यांचे काम आटोपलेले असते!

हे झाले एकट्याचे. आम्हाला सांगायचे आहे ते चौघांच्या खेळाचे. त्याला रिले म्हणतात. रिले म्हणजे पाळीपाळीची शर्यत. टेबलापासून काही अंतरावर जमिनीवर एक रेघ असते. संघातले चौघे रेघेमागे उभे राहतात. पाळी आली की टेबलाकडे धावायचे, ३-६-३ रचायचे, उतरवायचे आणि परत रेघेपलीकडे यायचे. तो येईपर्यंत पुढच्याने रेघ ओलांडायची नाही. पेले तेच बारा. चौथ्याचे काम संपले की घड्याळ थांबते. घड्याळ कसे थांबवतात म्हणाल, तर टेबलावर पेल्यांखाली एक चटई असते. घड्याळ तिलाच जोडलेले. तिच्यावर ठरल्या जागी दोन्ही हात टेकले की आकडा थांबतो.

आणि उतरंड कोसळली तर? नियम सोपा आहे, पण कडक आहे. कोसळलेली उतरंड पुन्हा उभी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्याची पाळी, त्यानेच ती उभी करायची. बाकीचे तिघे रेघेमागे. त्यांचे हात मोकळे असतात, पण उपयोग नाही.

हे वाचून कळेना, म्हणून आम्ही करूनच पाहिले. हा पाठ लिहिणारे आम्ही दोघे, आमचे एक मास्तर आणि कचेरीत चहा करणाऱ्या मावशी, असे चौघे. चहाचे बारा स्टीलचे पेले घेतले. पहिली फजिती लगेच झाली. पेले एकात एक असे घट्ट बसले, की दोघांनी दोन बाजूंनी ओढले तेव्हा सुटले. असे का व्हावे? पेला पेल्यावर दाबून बसला की मध्ये हवेला वाट राहत नाही. वरचा ओढताना बाहेरची हवा आत शिरत नाही, आणि पेला धरून ठेवल्यासारखा होतो. खेळाच्या पेल्यांना बुडाला भोके असतात ती यासाठीच. हवा येते जाते, पेला चटकन सुटतो. ज्या पेल्यातून पाणी पिता येत नाही, तोच या खेळाला चांगला!

मग आम्ही पेले जरा सैल बसवले आणि सुरुवात केली. मास्तरांचा हात सगळ्यांत चपळ. म्हणून त्यांना शेवटी ठेवले. त्यांची पाळी आली. पहिली उतरंड झाली, आणि सहाच्या शेंड्याचा पेला ठेवताना सगळा ढीग खळकन खाली आला. आम्ही मागून ओरडू लागलो, “लवकर! लवकर!” त्यांनी घाईने रचले. पुन्हा पडले. आम्ही आणखी ओरडलो. तिसऱ्यांदा पडले. मास्तरांचा चेहरा पडला. हात थरथरू लागले. तेव्हा मावशी म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही रचा सावकाश. आम्ही कुठं पळून चाललोय?” आम्ही गप्प झालो. चौथ्यांदा उतरंड उभी राहिली.

मोबाइलच्या घड्याळात दोन मिनिटे होऊन गेली होती. आम्ही पुन्हा डाव मांडला. या वेळी कोणी ओरडायचे नाही, असे ठरवले. मिनिटाच्या आत चौघांचे झाले. मावशींना चौघांत सगळ्यांत जास्त वेळ लागला, पण त्यांचा एकही पेला पडला नाही.

कागदावर हिशेब मांडून पाहा. समजा, एका संघातल्या प्रत्येकाला ६ सेकंद लागतात. चार सक २४. दुसऱ्या संघातल्या तिघांना ४ सेकंद पुरतात. तीन चोक १२. पण चौथ्याची उतरंड कोसळली आणि त्याला १३ सेकंद लागले. झाले २५. तिघे चपळ असूनही संघ एका सेकंदाने हरला. म्हणून चांगले संघ सराव करताना ‘किती जलद’ एवढेच पाहत नाहीत. ‘पडला तर किती लवकर सावरतो’ हेही पाहतात. आम्हाला विचाराल तर मागे उभे राहणेसुद्धा शिकावे लागते. ते आम्हाला रचण्याहून कठीण गेले.

रिले दोन तऱ्हेने खेळतात. एकीत संघ एकटा खेळतो, घड्याळाशी. दुसरीत दोन संघ शेजारशेजारच्या टेबलांवर खेळतात. तीनपैकी दोन डाव जिंकेल तो संघ पुढे जातो. या दुसऱ्या तऱ्हेत खरी गंमत. शेजारच्या टेबलावर पेले खळखळले की डोळा तिकडे जातोच, आणि डोळा गेला की आपला हात चुकतो.

आणखी एक प्रकार जोडीचा आहे. दोघे एकमेकांना लागून उभे राहतात. एकाने फक्त डावा हात वापरायचा, दुसऱ्याने फक्त उजवा. दोन माणसे, पण कामाला हात दोनच. नवराबायकोने हा करून पाहावा. मात्र काचेचे पेले घेऊ नयेत.

आता थोडा हिशेब तुम्ही करा. या खेळात ‘१-१०-१’ अशीही एक मांडणी असते. तिला पेले किती लागतील? दहाच्या उतरंडीत शेंड्याला एक पेला असतो, त्याखाली दोन. तर सगळ्यांत खालच्या रांगेत किती? आधी पाटीवर काढा, मग घरातले पेले मांडून ताळा पाहा.