विहिरीच्या पाण्यातील रसायन आणि जीव

रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय शाळेत निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. विहिरीत मात्र ते एकत्रच नांदतात. कोकण रेल्वेचे स्थानक म्हणून परिचित असलेले वीर हे गाव महाड तालुक्यात येते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा पुरानंतर विहीर निवळली म्हणजे पाणी पिण्याजोगे झाले, असे समजणे धोक्याचे आहे. का, ते या दोन विषयांच्या मूळ कल्पनांवरूनच कळते.

हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक अणू यांच्या संयोगाने पाण्याचा रेणू होतो. म्हणून पाणी हे संयुग होय. विहिरीचे पाणी मात्र केवळ पाणी नसते. त्यात खडकातील क्षार विरघळलेले असतात, म्हणजे ते द्रावण असते; मातीचे कण तरंगत असतात; आणि डोळ्यांना न दिसणारे सजीवही असतात. पटकीचा जिवाणू हा एकाच पेशीचा सजीव असून त्याच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसते. आमांशाचा अमीबाही एकपेशीयच, पण त्याला केंद्रक असते व शरीराबाहेर तो जाड आवरणाच्या पुटीत तग धरून राहतो.

शुद्ध आणि अशुद्ध या शब्दांचा एक वेगळा अर्थही महाडने पाहिला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र इत्यादींनी भरलेले १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ केले. विज्ञानाच्या भाषेत सांगावयाचे तर पाण्यात सेंद्रिय द्रव्य आणि जिवाणू यांची भर घालण्यात आली. वर्गात हे उदाहरण टाळण्याचे काहीच कारण नाही.

ग्रामपंचायतीत टी.सी.एल. पावडर या नावाने ओळखले जाणारे विरंजक चूर्ण चुना व क्लोरीन यांपासून बनते. ताज्या चुर्णात उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पाण्यात त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. ते जिवाणूच्या पेशीपटलावर व विकरांवर ऑक्सिडीकरणाची क्रिया करते आणि जिवाणू मरतो. अमीबाच्या पुटीवर मात्र नेहमीच्या मात्रेचा फारसा परिणाम होत नाही. तेथे पाणी उकळणेच इष्ट. हे आम्ल जिवाणू आणि कुजका पाला यांत भेद करीत नाही. गढूळ पाण्यात बराचसा क्लोरीन सेंद्रिय द्रव्यावरच खर्ची पडतो व जिवाणूंसाठी थोडाच उरतो. पुरानंतर नेहमीची मात्रा अपुरी पडते ती यामुळे.

मात्रेचे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे. समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर आहे. व्यासाचा वर्ग ९. त्याला खोलीने व ३.१४ ने गुणून ४ ने भागले की २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर पाणी होते. स्वच्छ पाण्याच्या दर हजार लिटरला २.५ ग्रॅम या हिशेबाने सुमारे ७१ ग्रॅम पावडर लागेल. मूठभर पावडर काठावरून फेकण्याची रीत या हिशेबात कोठेच बसत नाही. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली पाण्यात खोल सोडावी व वरखाली हलवावी. चुन्याचा साका विहिरीत जाऊ देऊ नये. त्याने पाण्याचा जडपणा वाढतो.

यानंतर तासभर पाणी उपसू नये. मग ओ. टी. चाचणी करावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगाची छटा पट्टीशी ताडून तो लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम आहे, याची खात्री करावी. रंग न आल्यास पावडर कमी पडली किंवा जुनी झाली, असे समजावे. हवा, उजेड व ओल यांनी चुर्णातील क्लोरीन उडून जातो. पावसाळ्याच्या तोंडावर आणलेले पोते उघडेच ठेवले, तर भाद्रपदात त्यात बहुतांशी चुनाच उरतो आणि नोंदवहीत मात्र शुद्धीकरण झाल्याची नोंद होत राहते.