मूत्रपिंडाचा विकार आणि रात्री स्वस्थ न बसणारे पाय

पेण आणि रोहा परिसरात मधुमेह व रक्तदाब हे शब्द आता घरोघरी परिचित झाले आहेत. या दोन विकारांकडे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, हेही पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु मूत्रपिंडाच्या रुग्णाला रात्री छळणारी एक व्याधी अजून फारशी कोणाच्या ओळखीची नाही. इंग्रजीत तिला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. आपण तिला 'अस्वस्थ पायांचा विकार' म्हणू. प्रस्तुत लेखात तिची माहिती करून घेऊ.

व्याधी कशी ओळखावी?

रुग्ण म्हणतो, "पाय ओढतात", "पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळतं". नेमके काय होते ते त्याला सांगता येत नाही. घरातील माणसे त्रासून म्हणतात, "जरा एका जागी पड ना!" कोणी याला मनाचा खेळ ठरवतो, तर कोणी बाहेरची बाधा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ साली या त्रासाचे वर्णन लिहून ठेवले आणि स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ साली त्याचा सविस्तर अभ्यास मांडला.

ओळखण्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत :

१) पाय हलवावेत अशी अनावर इच्छा होते काय?
२) बसल्यावर किंवा पडल्यावर ती सुरू होते अथवा वाढते काय?
३) उठून चालल्यावर, निदान चालत असेपर्यंत, बरे वाटते काय?
४) त्रास संध्याकाळी व रात्री अधिक होतो काय?

चारही उत्तरे 'होय' असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. पायात गोळा येणे हे वेगळे. त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. मधुमेहाने शिरा बिघडून होणारी तळपायांची आग व बधिरपणाही वेगळा. तो चालल्याने सहसा कमी होत नाही. एकाच रुग्णाला दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी डॉक्टरांनीच करावी.

मूत्रपिंडाशी संबंध

शरीराच्या हालचालींवर मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे नियंत्रण असते. ते तयार होण्यास लोह लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णात लोह अनेकदा कमी पडते. आहारावर बंधने असतात, डायलिसिसच्या प्रत्येक खेपेला थोडे रक्त वाया जाते आणि रक्त तयार करण्याचा संदेश देणारे द्रव्यही मूत्रपिंडातून पुरेसे येत नाही. यामुळे डायलिसिसवरील दर चार-पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला हा त्रास होतो, असे जगभरातील अभ्यासांतून दिसते.

१९७५ साली जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली व मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिस सुरू झाले. त्या काळी हा उपचार सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढे जुलै २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. उपचार जवळ आला. तो पुरता पदरात पाडून घेणे आपल्या हाती आहे.

खरा धोका येथेच आहे. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास चालते. आधी एसटीत बसून प्रवास, मग चार तास एका जागी पडून राहणे. ज्याचे पाय स्वस्थ बसत नाहीत, तो तीन तासांतच म्हणतो, "काढा सुया, मला जाऊ द्या." असे वारंवार झाले की विषारी द्रव्ये व पाणी शरीरात साठते. पायांचा त्रास अशा रीतीने जिवावर बेतू शकतो.

हे टाळावे

पायांसाठी शेजारीपाजारी केळी खाण्याचा व शहाळ्याचे पाणी पिण्याचा सल्ला देतात. आपल्या कोकणात ही दोन्ही हाताशी असतात. परंतु त्यांत पोटॅशियम भरपूर असते. निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते वाढल्यास हृदय बंद पडू शकते. दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या उरलेसुरले मूत्रपिंडही बिघडवतात. सर्दी व खाज यांवरील झोप आणणाऱ्या काही गोळ्या (उदा. क्लोरफेनिरामिन) आणि उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड यांनी पायांचा त्रास वाढू शकतो. संध्याकाळनंतरचा चहा, तंबाखू व दारू यांपासून दूर राहावे.

उपाय

प्रथम हिमोग्लोबिन व लोहाच्या साठ्याची (फेरिटिनची) तपासणी करतात. लोह कमी असल्यास ते शिरेतून देता येते. डॉक्टरांच्या संमतीने नियमित चालणे व डायलिसिस चालू असताना पायांचा हलका व्यायाम केल्याने पुष्कळांना आराम पडतो. पोटऱ्या चोळणे, कोमट पाण्याने शेकणे यानेही तात्पुरते बरे वाटते; मात्र पाय बधिर असतील तर पाण्याची ऊब दुसऱ्याने पाहावी.

औषधांत पूर्वी डोपामिनसारखे काम करणारी औषधे प्रथम देत. ती दीर्घकाळ घेतल्यास काहींचा त्रास उलट वाढतो, म्हणून आता गॅबापेंटिनसारख्या औषधांचा विचार आधी होतो. हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, म्हणून या रुग्णांना मात्रा फार कमी लागते. शेजाऱ्याची तीच गोळी घेतल्यास गुंगी येऊन पडण्याची भीती असते. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या अनेकांचा हा त्रास कमी होतो किंवा थांबतो.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, घरात किंवा शेजारी असा रुग्ण असेल तर वरील चार प्रश्न त्याला विचारा. उत्तरे व तो घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे कागदावर लिहा आणि पुढच्या डायलिसिसच्या वेळी तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. मध्यरात्री ओटीवर येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला "स्वस्थ बस" असे सांगू नका. त्याला ते शक्य असते, तर तो केव्हाच झोपला असता.