आधी अंतर, मग भिंग: बाहेरच्या डोम कॅमेऱ्याची निवड

बाह्य परिसरासाठी डोम कॅमेरे घेण्याचा विषय गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत येतो, तेव्हा चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे आणि त्याला झूम आहे की नाही. कॅमेऱ्याने कोणत्या जागी उभ्या असलेल्या माणसाविषयी नेमके काय सांगावे, हा प्रश्न मात्र घटना घडून गेल्यावर विचारला जातो, आणि तोवर उत्तर बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. भिंगाने जो तपशील संवेदकापर्यंत पोहोचवलाच नाही, तो नंतर कोणत्याही यंत्राने खात्रीलायकपणे परत मिळत नाही. म्हणून स्थिर भिंग की झूम भिंग, ही निवड पसंतीची किंवा केवळ खर्चाची बाब नसून ती अंतर, रुंदी आणि प्रकाश यांच्या हिशेबातून यावी लागते.

या हिशेबासाठी काही संज्ञा आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्याचे भिंग आणि संवेदक पारदर्शक घुमटाकार आवरणाखाली बसवलेले असतात, त्यास डोम कॅमेरा म्हणतात. भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये सांगितले जाते. ते जितके कमी, तितका दृश्यकोन मोठा आणि दृश्यातील प्रत्येक वस्तू लहान, तर ते जितके जास्त, तितका दृश्यकोन अरुंद आणि वस्तू मोठी. स्थिर म्हणजे फिक्स्ड भिंगाचे नाभीय अंतर कारखान्यातच ठरलेले असते आणि बाजारात ते सामान्यतः २.८, ४ किंवा ६ मिलिमीटर असे मिळते. व्हेरिफोकल भिंगात ते एका मर्यादेत, उदाहरणार्थ २.८ ते १२ मिलिमीटर, बदलता येते. हा बदल हाताने स्क्रू फिरवून किंवा आतील मोटारीने होतो, आणि मोटार असलेल्या प्रकारालाच विक्रेते व ग्राहक सरसकट ‘झूम कॅमेरा’ म्हणतात. डिजिटल झूम ही याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे, कारण तीत टिपून झालेले चित्रच पडद्यावर ताणले जाते आणि नवा तपशील त्यात काहीही येत नाही.

पुणे परिसरातील एका गृहनिर्माण संस्थेचा अनुभव या संदर्भात लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. या संस्थेने इमारतीच्या कोपऱ्यांवर दोन मेगापिक्सेलचे, २.८ मिलिमीटर स्थिर भिंगाचे डोम कॅमेरे बसवले होते, आणि मॉनिटरवर फाटक, वॉचमनची केबिन, वाहनतळ व कुंपणाचा बराच भाग एकाच चौकटीत दिसत असल्याने व्यवस्था सर्वांना समाधानकारक वाटत होती. पुढे रात्रीच्या वेळी एक दुचाकी चोरीला गेली, तेव्हा फुटेजमध्ये माणूस आला, त्याने गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली, एवढे स्पष्ट दिसले. परंतु तो कोण, हे सांगता येईल असा चेहरा कोणत्याही चौकटीत नव्हता आणि चित्र मोठे केले की तेथे केवळ चौकोनी ठिपके उरत होते. कॅमेऱ्यात बिघाड नव्हता आणि रेकॉर्डिंगही पूर्ण होते. जे काम त्या भिंगाकडे त्या अंतरावरून अपेक्षिले गेले, ते त्याच्या आवाक्यातलेच नव्हते.

हे आवाक्याचे गणित आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत सुबोधपणे मांडलेले आहे. दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात, यावर त्या आवृत्तीने पायऱ्या ठरवल्या: कोणी आले आहे हे कळण्यासाठी मीटरला २५ पिक्सेल, पेहराव व हालचाल यांसारखा तपशील पाहण्यासाठी ६२.५, ओळखीच्या माणसाची ओळख पटण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची निश्चिती होण्यासाठी २५० पिक्सेल. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते आणि २.८ मिलिमीटर भिंगाचा आडवा दृश्यकोन सुमारे १०० अंश असतो. त्यामुळे बारा मीटरवरील फाटकापाशी चौकटीची रुंदी २८ मीटरांहून अधिक होते आणि प्रत्येक मीटरच्या वाट्याला जेमतेम ६७ पिक्सेल येतात. चेहऱ्याची रुंदी सुमारे १६ सेंटिमीटर धरली, तर संपूर्ण चेहरा दहा-अकरा पिक्सेलांत मावतो, आणि एवढ्या ठिपक्यांतून कोणालाही ओळखणे शक्य नसते. त्याच कॅमेऱ्याने निश्चिती हवी असेल, तर माणूस सुमारे सव्वातीन मीटरच्या आत यावा लागतो.

या प्रसंगानंतर संस्थेने घेतलेला निर्णय त्याहून अधिक बोधप्रद आहे. स्थिर भिंग निकामी ठरले असा निष्कर्ष काढून सर्व कोपऱ्यांवर मोटारचलित झूम भिंगाचे कॅमेरे बसवण्यात आले आणि चेहरे मोठे दिसावेत म्हणून बहुतेक भिंगे १२ मिलिमीटरच्या टोकाला नेऊन ठेवण्यात आली. फाटकापाशी त्याचा लाभ झाला, कारण दृश्यकोन सुमारे २८ अंशांवर आल्याने बारा मीटरवर चौकटीची रुंदी सहा मीटर झाली आणि मीटरला ३२० पिक्सेल मिळू लागले. परंतु जो कोपरा पूर्वी २८ मीटरांचा पट्टा पाहत होता, तो आता सहाच मीटर पाहू लागला. पुढे वाहनतळातील एका मोटारीची बॅटरी चोरीला गेली, तेव्हा चोर दोन चौकटींच्या मधल्या अंधाऱ्या पट्ट्यातून आला व गेला, आणि फुटेजमध्ये चौकटीच्या कडेला काही क्षण दिसलेल्या खांद्यापलीकडे काहीही नव्हते. पहिल्या व्यवस्थेत सर्व काही दिसत होते पण ओळखता येत नव्हते, दुसऱ्या व्यवस्थेत ओळखता आले असते पण पाहिलेच गेले नाही. दोन्ही अपयशांचे मूळ एकच होते: कोणत्या कॅमेऱ्याने कोणते काम करायचे, हे एकदाही ठरवले गेले नव्हते.

झूम वाढवण्याची आणखी एक किंमत रात्रीच लक्षात येते. भिंगातून किती प्रकाश आत येतो हे एफ-अंकावरून कळते. हा अंक म्हणजे नाभीय अंतराला भिंगाच्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या, आणि ती जितकी मोठी, तितका प्रकाश कमी. बहुतेक व्हेरिफोकल भिंगांत झूम वाढवताच एफ-अंकही वाढतो, आणि तो १.६ वरून ३.२ वर गेला तर संवेदकाला पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याइतकाच प्रकाश मिळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅमेरा प्रत्येक चौकट अधिक काळ उघडी ठेवतो आणि चालणारा माणूस पुसट होतो. अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारे कॅमेऱ्यातील दिवेही अंतरापुढे हतबल असतात, कारण अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश चौथाई होतो; खोक्यावर छापलेले ‘३० मीटर’ हे शब्द तेवढ्या अंतरावर काहीतरी दिसेल याची ग्वाही देतात, चेहरा ओळखता येईल याची नव्हे. म्हणून लांबच्या फाटकावर झूम लावायचे ठरले, तर त्या फाटकापाशी रात्रभर जळणारा चांगला दिवा हा त्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे.

स्थिर भिंग म्हणजे रुंद दृश्याचे भिंग, ही समजूतही येथे तपासून घ्यावी लागते. सहा मीटर रुंदीच्या फाटकाकडे सहा मीटर अंतरावरून ६ मिलिमीटरच्या स्थिर भिंगाने पाहिले, तर चौकटीची रुंदी साधारण फाटकाएवढीच येते आणि मीटरला ३०० च्या आसपास पिक्सेल मिळतात. याचा अर्थ असा की, कॅमेरा योग्य जागी नेता येत असेल आणि अंतर आधीच मोजलेले असेल, तर बारा मीटरवरून झूमने मिळणारा लाभ निम्म्या अंतरावरून साध्या भिंगाने मिळतो, शिवाय छिद्र मोठे राहते, मोटारीसारखा बिघडू शकणारा भाग टळतो आणि खर्चही वाचतो. कुंपणाच्या लांब पट्ट्यासाठी किंवा वाहनतळाच्या सर्वसाधारण देखरेखीसाठी २.८ किंवा ४ मिलिमीटरचे स्थिर भिंगच अधिक योग्य, कारण तेथे कोण आले यापेक्षा कोठून आले व कोठे गेले हे कळणे महत्त्वाचे असते.

झूम भिंगाची खरी गरज तीन परिस्थितींत उद्भवते. पहिली म्हणजे, कॅमेरा लावण्यासाठी भिंत किंवा खांब एकाच ठिकाणी उपलब्ध असतो आणि तेथून लक्ष्य दूर असते. दुसरी उंचीशी निगडित आहे: तीन मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्यातून पाच मीटरवरील माणसाच्या चेहऱ्याकडे सुमारे १६ अंशांच्या उतारातून पाहिले जाते, पण तोच कॅमेरा तोडफोडीच्या भीतीने पाच मीटर उंच नेला की हा उतार ३४ अंशांपर्यंत वाढतो आणि टोपी घातलेल्या माणसाचे केवळ डोके दिसते, अशा वेळी कॅमेरा मागे नेऊन झूमने पाहिल्यास चेहरा पुन्हा समोरून मिळतो. तिसरी परिस्थिती म्हणजे वाहनांचे क्रमांक. भारतातील क्रमांकपट्ट्या प्रकाश परावर्तित करणाऱ्या असल्याने अवरक्त दिव्यांत त्या पांढऱ्याफटक होतात, आणि त्या वाचण्यासाठी चौकट सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी वेळ उघडी ठेवावी लागते, ज्यामुळे बाकीचे दृश्य काळोखात जाते. त्यामुळे क्रमांक वाचणारा कॅमेरा त्याच एका कामासाठी राखून ठेवावा आणि चेहऱ्यांसाठी दुसरा लावावा.

फिरणारा, वर-खाली होणारा आणि दूरवर झूम करणारा पीटीझेड डोम कॅमेरा हा या प्रश्नाचा सर्वंकष उपाय मानला जातो, परंतु तो ज्या दिशेला वळलेला असेल तेवढीच दिशा नोंदवतो. समोर बसून तो चालवणारा माणूस चोवीस तास असेल, तर त्याचा उपयोग मोठा. तसा माणूस नसेल, तर घटना घडते त्या वेळी कॅमेरा बहुधा दुसरीकडे पाहत असतो. खिडक्या व गच्च्या जवळजवळ असलेल्या वस्त्यांत झूमचा गैरवापर शेजाऱ्यांच्या घरात डोकावण्यासाठी होऊ शकतो, म्हणून प्रायव्हसी मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग कायमचा झाकणारी सोय, बसवतानाच सुरू करणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

महाराष्ट्राच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डोमच्या आवरणाचाही वेगळा विचार हवा. आयपी६७ हे चिन्ह धूळ आत न शिरण्याची आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची, तर आयके१० हे २० ज्यूल आघात सोसण्याची क्षमता दर्शवते. मात्र पाणी बहुतेक वेळा कॅमेऱ्यात न शिरता केबलच्या उघड्या जोडात शिरते, त्यामुळे जोड जंक्शन बॉक्समध्ये बंद असणे आवश्यक आहे. घुमटावरची धूळ, ओरखडे, थेंब आणि कोळ्याची जाळी रात्री अवरक्त प्रकाश भिंगाकडेच परत फेकतात व चित्र धुरकट होते. झूम वाढवल्यावर वाऱ्याने हलणाऱ्या खांबाची थरथरही तितकीच मोठी दिसते, त्यामुळे लांब नाभीय अंतराचा कॅमेरा पक्क्या भिंतीवरच लावावा.

खरेदीपूर्वीची चाचणी अवघड नाही आणि ती टाळण्याला कोणतेही समर्थनीय कारण नाही. लक्ष्याच्या जागी चौकटीची रुंदी टेपने मोजावी आणि चित्राच्या आडव्या पिक्सेलांना त्या मीटरांनी भागावे; चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हा आकडा २५६० असतो, म्हणजे वीस मीटर रुंदीला १२८ पिक्सेल, जे ओळखीच्या माणसापुरते पुरेसे आहे. त्यानंतर विक्रेत्याकडून नमुन्याचा कॅमेरा रात्री लावून घ्यावा, एका व्यक्तीला त्या जागेवरून चालत जाण्यास सांगावे आणि निकाल थेट पडद्यावर न पाहता रेकॉर्ड झालेल्या फुटेजमध्ये पाहावा, कारण साठवताना होणाऱ्या संकोचनात तपशील आणखी घटतो. हाताने फिरवण्याच्या भिंगाचा फोकस अवरक्त प्रकाशात किंचित सरकू शकतो, म्हणून तोही रात्रीच पक्का करावा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक निकषांची पूर्तता बंधनकारक झाल्याने निवडलेल्या मॉडेलची भारतीय मानक ब्यूरोकडील नोंदणीही याच टप्प्यावर तपासावी.

फुटेज न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आलीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, पूर्वीच्या कायद्याखाली, अशा प्रमाणपत्राची अनिवार्यता स्पष्ट केलेली आहे. प्रमाणपत्र नोंदीची विश्वासार्हता सिद्ध करण्यास साहाय्य करते. न दिसलेला चेहरा ते दाखवू शकत नाही.

या सर्व विवेचनाचे व्यावहारिक रूप एका कागदावर मावते. व्यवस्थापक समितीने दरपत्रके मागवण्याआधी परिसराच्या नकाशावर प्रत्येक कॅमेऱ्यापुढे त्याचे एकच काम, लक्ष्याचे मोजलेले अंतर, हवी असलेली रुंदी, मीटरला लागणारे पिक्सेल आणि रात्रीच्या प्रकाशाची स्थिती लिहावी, आणि हाच तक्ता ठरावाला व पुरवठादाराच्या करारालाही जोडावा. असा तक्ता समोर असला की बहुतेक ठिकाणी योग्य नाभीय अंतराचे स्थिर भिंग पुरते आणि मोजक्या ठिकाणीच झूमवर खर्च करावा लागतो. शिवाय समिती बदलली तरी कोणता कॅमेरा कशासाठी तेथे आहे हे नव्या सदस्यांना कळते, आणि कोणाच्या तरी सोयीसाठी त्याची दिशा किंवा झूम बदलले गेले असेल, तर ते चोरी होण्याआधी लक्षात येते.