बोअर-पिस्टन शाबूत होतं

सकाळी गाडी थंड असताना स्टार्ट केली की सिलिंडरच्या डाव्या अंगाने करकर यायची. रेस दिली की आवाज पातळ, स्लोवर सोडली की पुन्हा तोच. गॅरेजवाल्याला मी हे असंच सांगितलं. त्याने एकदा जोरात रेस केली आणि म्हणाला, "साहेब, बोअर-पिस्टन गेलंय. हाफ इंजिन करावं लागेल."

सायलेन्सरमधून निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, किकला दाब व्यवस्थित लागतोय, असं मी म्हणालो. "इंजिन तुम्ही उघडता का मी?" हे त्याचं उत्तर. शेजारची दोन पोरं हसली. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही. रोज साताऱ्याहून वाईला जायचं, गाडीशिवाय चालणार नव्हतं, म्हणून काम करायला सांगितलं.

पैसे मोजून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच करकर. परत गेलो तर म्हणाला, "नवं काम आहे, बसायला वेळ लागतो."

जुने पार्ट मी मागून घेतले होते. "भंगारात घालायचे, तुम्हाला कशाला?" असं कुरकुरत त्याने दिले होते. त्या संध्याकाळी ब्लॉक पुसून उजेडात धरला. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आतून स्वच्छ दिसत होत्या. नख कुठेही अडकलं नाही. पिस्टनच्या बाजूवर एकही उभा ओरखडा नव्हता. झिजलेलं बोअर असं दिसत नाही. उघडल्यावर त्यालाही हे दिसलंच असणार, आणि तरी त्याने बिल लावलं.

वाईतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक इंजिनवर जागोजागी टेकवलं आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरपाशी थांबले. टेन्शनर अडकला होता, चेन सैल झाली होती. दोन्ही बदलले, आवाज गेला. माझा खरा संताप पुढेच आहे. हेड उतरवायचं तर ही चेन कॅमच्या स्प्रॉकेटवरून काढावीच लागते. ती सैल चेन त्या माणसाच्या हातातून गेली होती!

म्हणून सांगतो, आवाज आला की आधी गाडी मधल्या स्टँडवर लावून ऑइल बघा. ऑइल कमी असेल तर कुठलंही इंजिन खडखडतं. मग आवाजाची वेळ पकडा: थंड असताना की तापल्यावर, स्लोवर की चढावर. फोनवर दोन्ही वेळचं रेकॉर्डिंग करा, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन गरम होऊन पुरावा गेलेला असतो. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून बघा. आवाज बदलला तर आधी क्लचच्या बाजूला शोधा. सायलेन्सरच्या बेंडपाशी काजळी आणि फटफट असेल तर गॅस्केट. पसरणी घाटात वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर टणटण आली तर गिअर उतरवा, तरीही येत राहिली तर पेट्रोल आणि हेडमधला कार्बन तपासा.

हेडमधून बारीक टिकटिक येते ती बहुधा टॅपेटची. यात एक धोका आहे, तो कोणी सांगत नाही. गिऱ्हाइकाला शांत गाडी द्यायची म्हणून काही जण टॅपेट आवळून ठेवतात. आवाज बंद होतो, पण तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. टॅपेटची फट थंड इंजिनवर, फिलर गेज घालूनच बसवायची असते. अंदाजाने पाना फिरवणाऱ्याला तिथेच थांबवा.

खालून, क्रँकच्या बाजूने जड ठकठक आली आणि लोड आल्यावर वाढली, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. तिथे इंजिन बंद करा आणि गाडी टेम्पोत घाला. बाकी सर्व्हिसिंग वेळेवर करा, हे काय सांगायचं.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा. ब्लॉक निघाला की समोर उभं राहून बघा. जॉब कार्डवर तक्रार आणि त्याने सांगितलेलं कारण, दोन्ही लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'इंजिन काम' एवढंच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं म्हटलं, तरी तो बोअरचं बोललाच नाही असं म्हणायला मोकळा आहे.