गाय अडली तेव्हा तुमच्या काउंटरवर काय आहे?



आजच्या व्हिडिओतला आयटम वर्षभरात थोडाच खपतो, पण गिऱ्हाईक कायमचं जोडतो. वासरू अडल्यावर वापरायचं जेल.

माझं दुकान नवीन होतं. रात्री साडेदहाला एक दादा शटर वाजवत आले. पहिलारू कालवड अडलेली, घरच्यांनी कपड्याच्या पावडरचं पाणी लावून ओढाओढ केलेली. माझ्याकडे ना जेल, ना लांब हातमोजे. डॉक्टर पोहोचेपर्यंत वासरू गेलं होतं.

त्या डॉक्टरांनीच मला समजावलं. पाणमोट फुटली की आतलं बुळबुळीत पाणी निघून जातं. उशीर झाला की मार्ग कोरडा पडतो. साबण उरलासुरला बुळबुळीतपणाही धुऊन टाकतो, आतली त्वचा हुळहुळी करतो. साबण हात आणि बाहेरचा भाग धुवायला, बस्स. खाद्यतेलाने लॅटेक्सचे मोजे खराब होतात. आणि चमचाभर जेलने काही होत नाही. डॉक्टर कोमट पाण्यातलं पातळ जेल स्वच्छ नळीने वासराच्या भोवती सोडतात, ते लिटरमध्ये लागतं.

आता माल भरताना. डब्यावरचा घटक वाचा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं (सीएमसी) जेल ठेवा. पॉलिइथिलीन पॉलिमरची पावडर स्वस्तात भरपूर होते, पण गर्भाशय फाटलं असेल किंवा सिझेरियन करावं लागलं आणि ती पोटात उतरली, तर जनावर दगावू शकतं. होलसेलवाला हे सांगत नाही, तुम्ही विचारा.

जेलसोबत खांद्यापर्यंतचे हातमोजे द्याच. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो.

संगमनेर, राहाता, राहुरीकडे एचएफ संकरित गायी भरपूर. लहान कालवडीला मोठ्या वळूचं सीमेन भरलं की वासरू अडण्याची भीती वाढते. म्हणून दूध डेअरीवर जाऊन विचारा, या दोन महिन्यांत कोणाकडे कालवडी विणार आहेत. तेवढेच नग मागवा, एक्सपायरी बघून.

एक गोष्ट मात्र विकू नका. गिऱ्हाईक म्हणेल, “भाऊ, कळा यायचं इंजेक्शन द्या.” ऑक्सिटोसिन चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही. तोंड उघडलेलं नसताना किंवा वासरू आडवं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. पाणमोट फुटून तास झाला आणि वासरू पुढे सरकत नाही, तर 1962 ला फोन लावून द्या, जवळच्या डॉक्टरांचा नंबर काउंटरवर चिकटवून ठेवा. जेल हे डॉक्टरांच्या हाताला मदत आहे, डॉक्टर नाही.

ते दादा आजही खाद्य माझ्याकडूनच नेतात. कसे, ते मला अजून कळलेलं नाही.