न भरणारी जखम: तपासणी कुठे, खर्च किती

महिना उलटूनही न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, तळपायावर पसरत चाललेला काळा डाग, नखाखाली रुंदावत जाणारी काळी रेघ. यांपैकी काहीही दिसलं तर मलमं बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सावळ्या-गव्हाळ त्वचेत त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, म्हणूनच तो उशिरा ओळखला जातो. तळपायावरचा डाग कुरूप समजून घरीच ब्लेडने कापणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका.

पहिला मुक्काम जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. तिथे थोडं शुल्क पडतं. खासगीत तज्ज्ञांची फी शहरात साधारण ५०० ते १५०० रुपये. बायोप्सीचे साधारण दोन ते पाच हजार, अहवालाला आठवडाभर. दर ठरवताना एवढंच विचारा: तुकडा काढण्याचे आणि तो प्रयोगशाळेत तपासण्याचे पैसे एकत्र आहेत की वेगळे? बिल फुगतं ते इथेच. पुढे विशेष चाचणी लागली तर तिचे आणखी काही हजार लागतात.

सौंदर्य क्लिनिकमध्ये लेसरने तीळ ‘जाळून’ देतात. स्वस्त आणि झटपट, पण तपासायला काहीच उरत नाही. संशयास्पद तीळ असा कधीही काढू नका. कापून काढला तर तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. अहवालासोबत काचपट्ट्या आणि मेणातला ठोकळाही मागून घ्या. मोठ्या कर्करोग रुग्णालयात ते पुन्हा तपासतात. नसले तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.

निदान झालं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटा आणि दाखल होण्याआधीच्या चाचण्या योजनेत धरल्या जातील का, ते पैसे भरण्यापूर्वी विचारा. मंजूर उपचारांसाठी वर पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.

आता टाळण्याचं. घरातल्या बायकांची कंबर बघा. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधली की तिथे काळा वळ पडतो, त्वचा सोलते, कधी जखम होते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा जखमेतून कर्करोग झालेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या एका सत्तरीच्या बाईंची जखम दीड वर्षं भरली नव्हती. नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घ्या, बांधण्याची जागा बदलत राहा, घरी असताना सैल ठेवा. शिंप्याकडे हे काम थोडक्या पैशांत होतं. भाजल्याच्या जुन्या व्रणात जखम उघडली तरी तेवढ्याच तातडीने दाखवा.

ऊन: सकाळी दहा ते चार छत्री, पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी. कोड असलेल्यांनी, गोऱ्यापान त्वचेच्या लोकांनी आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी सनस्क्रीनही लावावं. एसपीएफ ३० पुरे. ते त्वचा लाल करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० वालं ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट किंमत मोजू नका. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. तळपायाच्या आणि नखाखालच्या कर्करोगाचा मात्र उन्हाशी संबंध नाही. तिथे क्रीम उपयोगाचं नाही, आंघोळीनंतर पाय पालथे करून बघणंच कामी येतं.

आहाराच्या नावाखाली ‘अँटीऑक्सिडंट’ गोळ्यांचे डबे विकले जातात. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी त्वचेचा कर्करोग टळल्याचं चाचण्यांत दिसलं नाही, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवला. ते पैसे भाजीबाजारात खर्च करा.